‘होईल’ आणि ‘होवो’

आमच्या शाळेत रोज सकाळी पसायदान झाले की दर्शनी फळ्यावर एक सुविचार लिहिण्याची प्रथा आहे. आठवड्यातून एक दिवस ते काम माझ्याकडे असते, आणि सुविचारांचा साठा संपला की मी निःसंकोचपणे कवींच्या घरी चोरी करते. काही वर्षांपूर्वी एका डिसेंबरात मी शेलीच्या कवितेवर असाच हात मारला. पश्चिमेच्या वाऱ्याला उद्देशून त्याने लिहिलेल्या कवितेची शेवटची ओळ, ऋतूंच्या क्रमाविषयीची, जगातल्या सगळ्या वक्त्यांनी वापरून गुळगुळीत केलेली आहे. मी तिचे मराठी केले, सरळ विधानार्थी वाक्यात ते फळ्यावर उतरवले, शेवटी ठसठशीत पूर्णविराम दिला आणि खाली कवीचे नाव घातले. मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी आली. ग्रंथालयातला इंग्रजी कवितांचा जुना संग्रह तिच्या हातात होता. “बाई,” ती म्हणाली, “पुस्तकात इथे प्रश्नचिन्ह आहे.”

मुलगी शेतकऱ्याच्या घरची. त्याच महिन्यात अवकाळी पावसाने त्यांचा काढून ठेवलेला कांदा भिजून गेला होता, हे मला ठाऊक होते. तिने माझी चूक दाखवली ती विरामचिन्हाची चूक म्हणून. तिच्या मनात आणखी काही होते असे मी म्हणणार नाही. परंतु मी मात्र त्या दिवशी अस्वस्थ झाले. कवीने जे विचारले होते ते मी सांगून टाकले होते. आणि तेही अशा घरातल्या मुलांना, की ज्यांच्याशी निसर्गाने तो करार कधीच केलेला नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इंग्रजी कविता मी कोणत्याही कॉलेजात शिकले नाही. शब्दकोश शेजारी ठेवून, अडखळत, एकेका कवितेला महिना महिना देऊन वाचली. तेव्हा या लेखात कोणी विद्वत्ता शोधू नये. मात्र आयुष्याची बरीच वर्षे व्याकरण शिकवण्यात गेल्यामुळे कवितेत आधी क्रियापदाकडे पाहण्याची खोड मला लागली आहे, आणि त्या खोडीपायी जे दिसले ते सांगण्यासारखे आहे असे वाटते.

रोमँटिक निसर्गकविता आशावादी असते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. ऐकणाऱ्यांपैकी काहींना त्याचे कौतुक वाटते. काहींना, विशेषतः १९४७ साली मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ आल्यानंतरच्या पिढ्यांना, त्याचा कंटाळा येतो. ‘आशावादी’ हा शब्द टीकेत जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. कौतुक करणारे आणि कंटाळणारे दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात : हे कवी पुढे चांगले होईल असे सांगत होते. ‘होईल’, साधा भविष्यकाळ. माझी शंका या गृहीतालाच आहे.

ही समजूत रूढ होण्यास एक पुस्तकही थोडेसे कारणीभूत झाले असावे. पॅलग्रेव्हचा ‘गोल्डन ट्रेझरी’ हा संग्रह १८६१ साली निघाला आणि आपल्याकडेही तो पिढ्यानपिढ्या वाचला गेला. या गृहस्थाने प्रस्तावनेतच सांगून टाकले होते की निर्यमक पद्य आपण घेतलेले नाही; गीत म्हणून ज्याला ओळखतात त्यात ते बसत नाही. त्यामुळे वर्डस्वर्थची डॅफोडिलची फुले त्यात आली, शेलीचा चंडोल आला. परंतु या संप्रदायातल्या आशेचा पाया ज्या दोन कवितांत घातला गेला त्या दोन्ही निर्यमक, आणि म्हणून दोन्ही दाराबाहेर राहिल्या. त्या दोन्ही १७९८ सालच्या आहेत. कोलरिजची ‘फ्रॉस्ट ॲट मिडनाइट’ फेब्रुवारीतली, आणि वर्डस्वर्थची ‘टिंटर्न ॲबी’ जुलैतली.

ते साल काही आनंदाचे नव्हते. फ्रान्समधल्या क्रांतीवर या दोघा तरुणांनी जीव टाकला होता. वर्डस्वर्थ तर प्रत्यक्ष फ्रान्सात राहून आला होता आणि तिथे एक प्रेयसी व एक तान्ही मुलगी मागे ठेवून आला होता. मग युद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. क्रांतीने आधी स्वतःची माणसे मारली, आणि १७९८ च्या आरंभी तिची फौज स्वित्झर्लंडसारख्या प्रजासत्ताकावर चालून गेली. इंग्लंडवरही स्वारी होणार अशी हूल होती. म्हणजे माणसांच्या राज्यात ‘होईल’ म्हणण्याची सोय राहिली नव्हती, तेव्हा या कविता लिहिल्या गेल्या.

कोलरिजच्या कवितेत मध्यरात्र आहे. नेदर स्टोवी या खेड्यातले लहानसे घर, बाहेर निःशब्द पडणारे दहिवर, घरातली माणसे निजलेली, आणि शेजारी पाळण्यात सतरा महिन्यांचा मुलगा, हार्टली. विझत आलेल्या आगीच्या जाळीवर काजळीचा एक पापुद्रा फडफडतो आहे. असा पापुद्रा हलला की कोणी दूरचे माणूस येणार अशी तिकडच्या लोकांची समजूत. आपल्याकडे कावळा ओरडला की पाहुणा येतो तसे. त्या पापुद्र्यावरून कवीला लंडनमधली शाळा आठवते. वडील गेल्यावर त्याला त्या शाळेत घातलेले. वर्गात बसून तो कोणी आपले येईल म्हणून दाराकडे डोळे लावून असे. कोणी येत नसे. शहराच्या भिंतीत वाढलेल्या त्या मुलाला निसर्ग म्हणून मिळाले ते वर दिसणारे आकाश आणि तारे, एवढेच. तिथून तो पाळण्याकडे वळतो आणि सांगतो की तुझे तसे होणार नाही. तू तळ्यांकाठी, डोंगरांखाली, वाऱ्यासारखा हिंडशील.

इथे क्रियापद ‘शॅल’ आहे. जुन्या इंग्रजी व्याकरणात द्वितीय पुरुषाबरोबर हे ‘शॅल’ आले की ते नुसते भविष्य राहत नाही. बोलणाऱ्याचा निश्चय, त्याचे वचन त्यात उतरते. बाप भाकीत करत नाही, शब्द देतो आहे. आणि तो शब्द सुखाचाच आहे असेही नाही. शेवटी तो मुलाला सगळेच ऋतू गोड लागावेत म्हणतो, आणि कविता थांबते ती हिवाळ्यावर : वळचणीला गोठलेल्या बर्फाच्या कांड्या आणि त्यांच्यावर चंद्र. पहिल्या छापील पाठात यापुढे काही ओळी होत्या. त्या कांड्या पाहून मूल आईच्या हातातून झेपावेल असे कौतुक त्यांत होते. कोलरिजने पुढे त्या काढून टाकल्या. मला हे काढणे फार मोलाचे वाटते. मुलाचा आनंद काढला, थंडी ठेवली, आणि कविता पुरी झाली.

आता वचनाचे काय झाले ते पाहावे. १८०० साली कोलरिज कुटुंबासह केझिकला राहावयास गेला. म्हणजे हार्टली खरोखरच तळ्यांकाठी आणि डोंगरांखाली वाढला. अक्षरशः पाहिले तर शब्द पाळला गेला. फक्त बाप तिथे राहिला नाही. अफू, मोडलेला संसार, १८०४ साली माल्टाला प्रयाण; मुलगा इतरांच्या आधाराने मोठा झाला. हुशार होता. १८१९ साली ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात त्याला फेलोशिप मिळाली आणि उमेदवारीचे वर्ष संपताना, मुख्यतः दारूच्या कारणाने, ती गेली. नंतरचे बहुतेक आयुष्य त्याने ग्रासमिअर-रायडलच्या परिसरात काढले, डोंगरातून हिंडत, थोड्या चांगल्या कविता लिहीत, गावकऱ्यांचा लाडका होऊन आणि पुन्हा पुन्हा पिऊन. १८४९ च्या जानेवारीत तो गेला. त्याच्या थडग्याची जागा म्हाताऱ्या वर्डस्वर्थने निवडून दिली.

हे वाचल्यावर मी बरेच दिवस ती कविता उघडली नाही. शिक्षकाला अशी माणसे ओळखीची असतात. ज्यांच्याबद्दल आपण निरोप समारंभात मोठमोठे बोललो अशी दोन-तीन मुले प्रत्येक गावात असतात, एस.टी. स्टँडवर दिसली तर तीही दुसरीकडे पाहतात आणि आपणही. मग प्रश्न असा पडतो : हार्टलीचे आयुष्य कळल्यावर त्याच्या बापाची कविता खोटी ठरते काय? ती भाकीत असती तर ठरली असती. पण पुन्हा वाचताना ती खोटी वाटली नाही, उलट अधिक जवळची वाटली. आणि असे का, याचे उत्तर मला दुसऱ्या कवितेने दिले.

‘टिंटर्न ॲबी’ ही निसर्गाची कविता म्हणून सगळे वाचतात आणि पहिल्या शंभर ओळींतच दमतात. वाय नदीचा तो काठ कवी पाच वर्षांनी पुन्हा पाहतो आहे. पूर्वीचा उन्माद गेला, त्याच्या जागी काही गंभीर आले, हे तो सविस्तर सांगतो. परंतु कविता सुमारे एकशेसाठ ओळींची, आणि तिच्या शेवटच्या जवळजवळ पन्नास ओळी नदीविषयी नाहीतच. शेजारी उभ्या असलेल्या बहिणीला, डॉरथीला उद्देशून त्या आहेत. इतका वेळ ती तिथेच होती आणि वाचकाला पत्ता नव्हता! तिच्याकडे वळल्याबरोबर क्रियापदाचे रूप बदलते. चंद्राने तुझ्या एकट्या वाटेवर प्रकाश द्यावा, डोंगरवाऱ्यांनी तुझ्या अंगावरून मोकळे वाहावे, अशा अर्थाची ती रूपे आहेत; आणि पुढे तो हेही सांगतो की एकाकीपण, भय, दुखणे, शोक तुझ्या वाट्याला आले तर या दिवसाची आठवण तुझे औषध होईल.

आपल्या भाषेत यासाठी एक नेमके रूप आहे. केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांनी १९११ साली मराठीचे मोठे व्याकरण लिहिले. तेव्हापासून आजच्या शालेय पुस्तकापर्यंत आज्ञार्थाच्या अर्थांत आज्ञा, विनंती, प्रार्थना आणि आशीर्वाद ही सगळी एकत्र नांदताना दिसतात. ‘देव तुझे भले करो’ हे त्याचे शाळकरी उदाहरण. ‘होईल’ म्हणणाऱ्याला माहिती हवी, निदान अंदाज हवा. ‘होवो’ म्हणणाऱ्याला समोर एक माणूस हवे. सकाळी सकाळी पोरे डोळे किलकिले करून जे पसायदान म्हणतात त्यातली क्रियापदे एकदा लक्ष देऊन ऐकावीत. ज्ञानदेवांनी जगाचे भले भविष्यकाळात सांगितलेले नाही, मागितले आहे. आशा, आशीर्वाद हे शब्द व्युत्पत्तीने किती जवळचे ते पंडितांनी ठरवावे. माझ्या कानाला ते शेजारी राहतात.

१९८३ साली जेरोम मॅक्‌गॅन या अमेरिकन टीकाकाराने या कवितेवर असा आक्षेप घेतला की तिने भोवतालचे भिकारी, बेघर माणसे आणि क्रांतीनंतरचा सगळा इतिहास पुसून टाकला आणि निसर्गाच्या आडोशाला जाऊन बसली. आक्षेप पोकळ नाही. पण शेवटचा भाग नजरेसमोर ठेवला तर मला वाटते, कवी माणसांतून पळालेला नाही. मनुष्यजातीवरची आशा मोडल्यावर तो एका माणसापर्यंत आला आहे. क्रांतीबद्दल त्याला ‘होईल’ म्हणता येईना. बहिणीबद्दल ‘होवो’ म्हणता येत होते. ही माघार असेल; आडोसा नव्हे.

एक दोष मात्र कबूल केला पाहिजे. त्याच भागात वर्डस्वर्थ निसर्गाच्या इमानाविषयी एक सरसकट ग्वाही देऊन बसतो. कविता पुष्कळांना आठवते ती त्या ग्वाहीमुळेच, आणि माझ्या मते तीच तिच्यातली सर्वांत कच्ची जागा. भिजलेल्या कांद्याच्या ढिगापुढे ती ओळ उभी राहणार नाही. ती कवीच्याही पुढे उभी राहिली नाही. ५ फेब्रुवारी १८०५ रोजी त्याचा भाऊ जॉन, जहाजावरचा कप्तान, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बुडून मरण पावला. पुढच्या वर्षी वादळातल्या पील किल्ल्याचे एक चित्र पाहून वर्डस्वर्थने जी कविता लिहिली तिच्यात त्याने आपली जुनी शांत समुद्राची भावना, नाव घेऊन, मोडीत काढली. ग्वाही गेली. आश्चर्य असे की त्या कवितेच्या अगदी शेवटच्या ओळीतही ‘आशा’ हा शब्द आहे. फक्त तो दोन नकारांच्या मधून, अंग चोरून आत येतो. ‘आशा आहे’ असे म्हणावयास तो आता धजत नाही. ती अगदीच नाही असे नाही, एवढेच त्याला म्हणता येते. माझ्या वाचनात आशेचे इतके प्रामाणिक व्याकरण दुसरे नाही.

आणि डॉरथी? १८२९ पासून ती आजारी राहू लागली. १८३५ नंतर तिची बुद्धीही ढळत गेली. भाऊ १८५० साली वारला, ती आणखी पाच वर्षे जगली. त्या दीर्घ अंधाराच्या थोडे आधी, १८३२ च्या वसंतात, अंथरुणाला खिळलेल्या या बाईने स्वतः एक कविता लिहिली आहे. कोणी ऋतूची पहिली फुले तिच्या खोलीत आणून दिली. तेवढ्याने तिला वाय नदीचा काठ आठवला, आणि उठून चालण्याचीही गरज न राहता ती आठवणीच्या सोबतीने तिथे जाऊन आली, असे ती सांगते. चौतीस वर्षांपूर्वी भावाने तिच्यासाठी जे मागितले होते ते तसेच्या तसे घडले होते. भावाच्या शब्दांना ती भविष्यवाणी म्हणते. हे माझ्या सिद्धांताला गैरसोयीचे आहे, हे मला दिसते. पण ज्याला आशीर्वाद फळतो त्याला मागे वळून पाहताना ते भाकीतच वाटणार. हार्टलीला तसे वाटले नसते. एकाच वर्षी दिलेले दोन शब्द. एक लागला, एक लागला नाही. देणाऱ्याच्या हातात तेवढे नव्हते.

कोलरिजला हे फार लवकर कळले. ४ एप्रिल १८०२ च्या रात्री त्याने सारा हचिन्सन या, त्याला कधीच मिळू न शकणाऱ्या स्त्रीला एक लांबलचक पद्यपत्र लिहिले. निम्म्याहून अधिक कापून त्याचीच पुढे ‘डिजेक्शन’ ही कविता झाली आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वर्तमानपत्रात छापून आली. त्या दिवशी वर्डस्वर्थचे साराच्या बहिणीशी लग्न लागत होते, आणि कोलरिजच्या स्वतःच्या दुःखी लग्नाचा तो सातवा वाढदिवस होता. या कवितेत तो निसर्गाकडून मिळणाऱ्या आशेचा पायाच उपटून काढतो. चंद्र, तारे, ढग समोर आहेत, सुंदर आहेत हे डोळ्यांना दिसते, पण आत काही हलत नाही. कारण निसर्ग आपल्याला देतो ते आपण त्याला दिलेलेच असते, आणि आपल्याजवळचे संपले की तो मुका होतो. निसर्गकवितेविरुद्ध पुढच्या दोनशे वर्षांत जे जे बोलले गेले त्यातले बरेचसे तिच्या एका संस्थापकाने असे आधीच बोलून ठेवले आहे.

कविता इथे संपली असती तर तर्काला धरून झाले असते. ती तशी संपत नाही. स्वतःला झोप नाही. पण तिला झोप लागो, तिच्या घरावरचे तारे लख्ख राहोत, आनंद तिला उचलून धरो, अशा मागण्यांवर ती संपते. चार वर्षांपूर्वीचे ‘शॅल’ गेले आहे. आता ‘मे’ आहे, म्हणजे आपले ‘होवो’. वचन देण्याची ऐपत राहिली नाही म्हणून माणूस गप्प बसलेला नाही. स्वतःपाशी आशेचा कणही नसताना ती दुसऱ्याला देता येते, हे मला या कवितेने शिकवले. आशावादी माणसाला हे कधीच कळणार नाही. त्याला आधी स्वतःची पटलेली खात्री लागते.

आपल्या बालकवींचे दुःख या जागी आठवते. १८९० ते १९१८ एवढेच आयुष्य. त्यात त्यांनी ‘आनंदी आनंद गडे’ लिहिली आणि ‘पारवा’ही लिहिली. त्यांचा आनंद वर्तमानकाळातला, तो ‘आहे’; आणि जेव्हा नाही तेव्हा ‘नाही’. फुलराणीचे लग्न लावणाऱ्या या कवीइतके निसर्गाशी एकजीव होणे वर्डस्वर्थला जन्मात जमले नसते. परंतु ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या मध्ये पाय ठेवायला ‘होवो’ची एक पायरी असते; ती त्यांच्या कवितेत मला फारशी सापडत नाही. समोर उभे असलेले, ज्याच्यासाठी काही मागावे असे माणूसच तिथे क्वचित असते. झरा असतो, औदुंबर असतो. कदाचित अकाली मृत्यूने ती पायरी गाठू दिली नाही.

राहता राहिला शेली, आणि माझा फळा. ती कविता १८१९ च्या शरदातली, फ्लॉरेन्समध्ये लिहिलेली. आदल्या सप्टेंबरात त्याची लहान मुलगी व्हेनिसला वारली होती. जूनमध्ये तीन वर्षांचा मुलगा रोमला वारला. ऑगस्टमध्ये मँचेस्टरच्या मैदानात हक्क मागायला जमलेल्या निःशस्त्र लोकांवर घोडदळ सोडल्याची बातमी इटलीत त्याला पोचली. पत्नीचे दिवस भरत आले होते. असा माणूस वाऱ्याला पाचही भागांत आळवतो आहे : ऐक, मला उचल, माझे शब्द पाचोळ्यासारखे उधळून दे. सगळा आज्ञार्थ, सगळी प्रार्थना. आणि एवढे मागून झाल्यावर शेवटी तो विधान करत नाही, वाऱ्यालाच विचारतो. ज्याने वर्षभरात दोन मुले पुरली त्याच्या तोंडी मी पूर्णविराम घातला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्यावरची ओळ पुसून प्रश्नार्थी करून लिहिली. मुख्याध्यापक तिथून जाताना थांबले. “बाई, सुविचाराला प्रश्नचिन्ह?” मी म्हटले, “कवीचेच आहे, सर.” त्यांनी चष्मा वर करून ओळ पुन्हा वाचली आणि काही न बोलता कार्यालयात गेले. ती मुलगी रांगेत होती. तिने फळ्याकडे पाहिले की नाही ते मला मागून दिसले नाही. शनिवारी दुपारी शिपायाने नेहमीप्रमाणे फळा धुतला.